बटणं मी लावली होती

त्या सकाळी काकाच्या शर्टाची बटणं मी लावली. समोरची सहा, आणि दोन्ही मनगटांची एकेक. तो खुर्चीत हनुवटी वर करून बसला होता. माझी आठ महिन्यांची मुलगी खाली चटईवर त्याच्या बुटाची नाडी चोखत होती.

"गळ्याचं नको लावूस," काका म्हणाला. "तिथे बोलायला गळा लागेल."

"बोलायचं काय ते लक्षात आहे ना?"

"आहे गं बाई. वाईट दिवसाचं सांगायचं, चांगल्या दिवसाचं नाही. उलटीच शाळा तुझी."

काका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. रंगारी. बाबा गेल्यावर माझ्या शाळेच्या पालकसभेला तोच यायचा, आणि कामावरून थेट येत असला तरी वाटेत नळावर हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. कपड्यावर रंगाचा एक थेंब दिसायचा नाही. रंगाऱ्याचा नियमच तो, म्हणायचा. काम करताना कसाही राहा, पण काम मागायला जाताना स्वच्छ जायचं. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला घरात घ्यायचं की नाही, हे लोक त्याच्या कपड्यांवरून ठरवतात. लहानपणी मी त्याच्या रिकाम्या रंगाच्या डब्यात बसायची, म्हणून मला अजून 'डबे' म्हणतो. नवऱ्यासमोरसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला. दुसऱ्या मजल्यावरून. हाडं जुळली, पण माणूस पूर्वीचा झाला नाही. उजव्या हाताची तीन बोटं चिमटीत येत नाहीत, म्हणून बटणं. डावा पाय मधेच बधिर होतो, जणू दुसऱ्याचाच. आणि कंबर अशी, की एखादा तास माणूस अगदी धडधाकट, आणि त्या तासाची किंमत म्हणून पुढचे दोन दिवस आडवा. तो ज्या खोलीत राहायचा ती ठेकेदाराची होती. काम सुटलं तशी खोली सुटली. ठेकेदाराने तिथे दुसरा रंगारी ठेवला.

तेव्हापासून काका निवाऱ्यात झोपतो. संध्याकाळी सातला दार उघडतं, सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढतात. रांगेत जो असेल त्याला खाट. सगळा संसार एका झाकणाच्या रंगाच्या डब्यात, कारण त्यात पाणी शिरत नाही. घोंगडी, गोळ्या, दवाखान्याचे कागद, ब्रश. दिवसभर त्याच डब्यावर बसायचं, रात्री तोच उशाला घ्यायचा. "फर्निचर आहे माझ्याकडे," म्हणायचा, "भिंती तेवढ्या नाहीत."

दर गुरुवारी तो आमच्याकडे आंघोळीला येतो. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मी, नवरा, मुलगी, आणि गुडघेदुखीने घरात बसलेल्या सासूबाई. गुरुवारी सासूबाई म्हणणार, "आला तुझा काका. साबणाची वडी निम्मी झाली." पण पाणी त्याच तापवून ठेवणार.

आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज मी आणला, मी भरला. मुलगी दुपारी पाऊण तास झोपते, त्यात चार दुपारी गेल्या. पहिल्याच पानावर पत्ता विचारला होता. काका म्हणाला, "घे. नापास पहिल्याच प्रश्नाला." मी आमचा पत्ता लिहिला, पत्रव्यवहारासाठी म्हणून.

पत्ता दिला. जागा दिली नाही. याच्यावर मी नंतर खूप विचार केला. मी घरात कुणाला विचारलंच नव्हतं. नाही म्हणतील ही भीती नव्हती. हो म्हणतील, ही होती. तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं, आणि एकाच खोलीत आणखी एका माणसाची अंथरूण-पांघरुणं काढायची या विचारानेच माझा जीव दमायचा. तेवढं खरं सांगते.

तर तपासणीचा तो सोमवार. अर्जदार खरंच आजारी आहे का, हे पाहायला खात्याचा डॉक्टर असतो. आदल्या दिवशीच मी नवऱ्याचा निळा शर्ट धुऊन इस्त्री केला होता. सकाळी काकाला आंघोळ घातली. घातली म्हणजे पाठ चोळून दिली, डोक्यावरून तांबे ओतले. दाढी केली. मानेवरचे केस कातरले. आरशात पाहून तो हसला. "डबे, हा कोण साहेब आणलास घरात?"

आणि मला, खरंच, इतकं बरं वाटलं. बाळाला न्हाऊ घालून, पावडर लावून दुपट्यात गुंडाळलं की वाटतं तसं.

निघताना त्याने डबा उचलला.

"अरे, तो कशाला? तपासणीला कुणी डबा घेऊन जातं का? कागद माझ्या पिशवीत आहेत. डबा राहू दे इथे."

"माझं घर आहे ते."

"घर कुणी पळवत नाही. परतताना घेऊन जा."

त्याने डबा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरकवला. दोनदा मागे वळून पाहिलं.

बस फक्त चार थांब्यांची. तिथून कचेरी जवळ, पण त्या जवळच्या वाटेत काका तीनदा बसला. एकदा कट्ट्यावर, एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा बंद दुचाकीच्या सीटवर. मुलगी बाबागाडीत रडायला लागली होती. कचेरीच्या दाराशी चौदा पायऱ्या. उतार कुठे दिसेना. माझ्या एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात फाईल, पुढ्यात बाबागाडी, आणि मुलगी लाल होऊन किंचाळतेय.

"दे इकडे," काका म्हणाला.

"अरे, तुझी कंबर..."

"दे गं. या मालकीणबाई कामगाराला ओळखतात."

आणि मी दिली.

त्याने तिला डाव्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत पायऱ्या चढू लागला. "मालकीणबाई, बैठकीच्या खोलीला कुठला रंग काढू? पिस्ता? का आपला नेहमीचा पांढरा?" ती एकदम गप्प झाली. त्याची कॉलर मुठीत धरली. मी मागून बाबागाडी ओढत येत होते. वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत एक गृहस्थ चहाचा कप घेऊन उभे होते, आमच्याकडेच बघत होते. मला वाटलं, किती छान दिसत असतील दोघं वरून.

ते डॉक्टर होते.

खोलीत गेलो तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि हसून "या" म्हणाले. वाईट माणूस नव्हता, हेच तर. दरडावलं नाही, घाई केली नाही. मुलीला टेबलावरचा रबरी शिक्का खेळायला दिला.

"इथपर्यंत कसे आलात?"

"बसने. मग चालत."

"चालत. बरं. सकाळचं आवरायला कुणाची मदत लागते?"

काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही हो. माझं मीच आवरतो."

"शर्टाची बटणं वगैरे?"

"लावतो की."

मी तोंड उघडलं. माझ्या बोटांना अजून त्या बटणांचा गुळगुळीतपणा लागलेला होता. पण ज्याने मला सायकल शिकवली, पडल्यावर "कुणी पाहिलं नाही, ऊठ" म्हणून उभं केलं, त्याला एका परक्या माणसासमोर खोटं कसं पाडायचं? आज मी आंघोळ घातली याला, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? मुलगी शिक्का चावत होती. मी तो तिच्या तोंडातून काढला. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

"हात डोक्याच्या वर जातो?"

झालं. रंगाऱ्याला हात वर जातो का विचारल्यावर काय होणार? काका उभाच राहिला. "हे बघा साहेब, छताला ब्रश असा धरायचा. मनगट सैल. नाहीतर थेंब सरळ डोळ्यात." आणि त्याने नसलेल्या ब्रशाने त्या खोलीच्या छतावर दोन लांबलचक हात मारले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डॉक्टर हसले. कागद लावणाऱ्या बाई हसल्या. मीसुद्धा हसले, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा तो मला माझा काका दिसत होता.

खाली बसताना त्याने टेबलाची कड पकडली, त्याची नखं पांढरी झाली. ते मला दिसलं. डॉक्टर लिहीत होते.

"आणखी काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, नीट माझ्याकडे बघून.

"नाही," काका म्हणाला.

मी गप्प बसले.

बाहेर आल्यावर थांब्यापर्यंत कसाबसा आला आणि बाकावर आडवाच झाला. इस्त्रीच्या शर्टासकट.

"जरा कंबर टेकतो. तू जा. मालकीणबाईंची झोपायची वेळ झाली."

"आणि तू?"

"मी येतो की मागच्या बसने. डबा घ्यायचाय ना. जा, रडवू नकोस तिला."

मुलगी डोळे चोळत होती. बस आली. मी गेले.

तो मागच्या बसने आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मला वाटलं, गुरुवारी येईलच. डबा कोपऱ्यात होता. सासूबाईंनी त्यावर बाळाच्या कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली होती, उंची बरी होती म्हणून. गुरुवारी पाणी तापलं आणि निवलं.

"काका आला नाही तुझा," सासूबाई म्हणाल्या. वडीचं काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी डबा बाबागाडीच्या खालच्या फळीवर बांधला आणि निवाऱ्यावर गेले. रखवालदार फाटकाला कुलूप लावत होता.

"ते डबेवाले? सोमवारी आले होते. पण पावणेआठला. पाय टाकता येत नव्हता हो, कुंपण धरधरून येत होते. आमचं साडेसातला बंद."

"मग?"

"मग काय ताई, खाट गेली दुसऱ्याला. मी काय करू? माझ्या वरही माणूस आहे." मग कुलूप ओढून पाहत, "बाजाराच्या शेडखाली बघा. पाण्याच्या टाकीमागे."

तो तिथे होता. पुठ्ठ्यावर, कुशीवर, निळा शर्ट अंगात. चार दिवस. गोळ्या डब्यात, घोंगडी डब्यात, डबा माझ्या स्वयंपाकघरात.

"आलीस? शाब्बास," तो म्हणाला. मान वळवता येत नव्हती म्हणून माझ्या चपलांशी बोलला. "उशी आणलीस ना माझी? इथे टाकीला लागून राहणाऱ्या बाईने दोन वेळा चहा दिला. चांगली आहे. तिच्या भिंतीला ओल आलीय, मी म्हटलं बरा झालो की बघतो."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. मुलगी डब्याच्या झाकणावर थापा मारत होती.

"अगं, रडतेस काय? तपासणी झाली ना झकास? साहेब हसले सुद्धा."

पत्र तीन आठवड्यांनी आलं. आमच्या पत्त्यावर, म्हणून मीच उघडलं, सिंकपाशी उभी राहून. अर्ज नामंजूर. कारणं क्रमवार टाइप केलेली. अर्जदार नीटनेटके, दाढी केलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले होते. स्वतःचे आवरण्यास मदत लागत नसल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. हात डोक्याच्या वर सहज नेला. आणि शेवटचं: अंदाजे आठ किलो वजनाचे मूल घेऊन, कठड्याचा आधार न घेता, चौदा पायऱ्या चढताना तपासनीसांनी प्रत्यक्ष पाहिले.

वजनाचा अंदाज बरोबर होता. तपासणीच्याच आठवड्यात दवाखान्यात काटा आठ किलो दाखवत होता.

पत्रात एक शब्द खोटा नव्हता. इस्त्री माझी, दाढी मी केलेली, मूल माझं. परक्या कुणी वाईट चिंतलं असतं तरी याहून बेतशीर काम केलं नसतं.

फेरविचारासाठी महिन्याची मुदत होती. मी पुन्हा दुपारी बसले. मुलगी झोपली की लिहायला घ्यायचं, कूस बदलली की थांबायचं, एका हाताने थोपटायचं, दुसऱ्याने लिहायचं. या वेळी सगळं लिहिलं. आंघोळ मी घातली. दाढी मी केली. बटणं मी लावली, कारण त्यांना लावता येत नाहीत. मूल मी दिलं, आणि ते उचलल्यामुळे काका चार दिवस जमिनीवर पडून होते, लघवीलाही उठता येत नव्हतं. टाकीवाल्या बाईचा अंगठा घेतला साक्षीला. रखवालदाराने सही दिली, वर "माझं नाव पुढे करू नका" असंही म्हणाला.

काका गुरुवारी आला. खाट त्याला त्या सोमवारपासून नवव्या दिवशी परत मिळाली होती; तोवर गोळ्या-घोंगडी घेऊन तो शेडखालीच होता. मी कागद पुढे ठेवले, त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. हळूहळू, बोट फिरवत. आंघोळीपाशी बोट थांबलं. कान लाल झाले.

"हे लिहावंच लागतं?"

"लागतं, काका."

"बरं." बोट पुढे गेलं. शेवटच्या परिच्छेदावर पुन्हा थांबलं. या वेळी खूप वेळ. "हे काढ."

"कुठलं?"

"हिला उचलल्यामुळे पडून राहिलो, हे. हे नको."

"अरे, तेच तर मुख्य आहे! त्यावरच त्यांनी..."

"असू दे. कागद राहतात, डबे. भिंत खरवडली तरी खालचा रंग राहतो. उद्या मोठी होईल, कुठेतरी वाचेल की आजोबाला माझ्यामुळे जमिनीवर पडावं लागलं. तिच्या नावावर नको ते."

"ती कशाला वाचतेय?"

"तू वाचलंस ना माझं पत्र?"

मी भांडले. रडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "अहो, ऐका तिचं. शिकलेली आहे." तो ऐकेना. आणि सही त्याची हवी होती. वाकड्या तीन बोटांत पेन अडकवून तो म्हणाला, "ते खोड, मी करतो." मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

मी खोडलं. नंतर ते पान पुन्हा लिहून काढलं, तो परिच्छेद वगळून. त्याच्या नकळत जोडता आला असता. जोडला नाही. हाही माझाच गप्पपणा, दुसऱ्यांदा.

उत्तर दोन ओळींचं आलं. पूर्वीचा निर्णय कायम. नवीन अर्ज सहा महिन्यांनंतर करता येईल.

त्या दिवशी भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "माझ्या खाटेखाली एक माणूस मावतो की. एकदा विचारायचं तरी होतंस मला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? साबणाचं बोलते म्हणून काय, काळीज नाही मला?"

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी केव्हाचा वाट बघतोय तू म्हणशील म्हणून. तुझा काका, मी कसं सुचवायचं?" म्हणजे एवढंच होतं. एका वाक्याचं काम.

पुढच्या गुरुवारी काकाला म्हटलं, राहायला ये. त्याने मान हलवली. "तेव्हा म्हणाली असतीस तर आलोही असतो. आता नको. आता असं वाटेल की पत्र आलं म्हणून बोलावलंस. आधी माझं हक्काचं होऊ दे. चार भिंती भाड्याने घेईन, मग तुझ्याकडे पाहुणा म्हणून येईन. पाहुण्यासारखा, घंटी वाजवून."

सहा महिने झाले. नवा अर्ज गेलाय. तपासणी येत्या सोमवारी आहे. डॉक्टर कुठले असतील ठाऊक नाही, पण खिडक्या सगळीकडे असतात, म्हणून मीच काकाला सांगितलं होतं, "तोपर्यंत हिला उचलू नकोस. कुठेच नको. घरातसुद्धा नको, सवय लागेल."

त्याने ऐकलं. या एका बाबतीत माझं पूर्ण ऐकलं.

मुलगी आता चालते. काल गुरुवार होता. तो आंघोळ करून डब्यावर बसला आणि ती डुलत डुलत त्याच्यापाशी गेली, दोन्ही हात वर केले. "कये," म्हणाली. कडे घे. नवीन शिकलेला शब्द. काकाने आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग हात मांड्यांखाली घालून त्यावर बसून राहिला.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "कामगार सुट्टीवर आहे."

ती तशीच उभी राहिली, हात वर.

"पडदा ओढू का?" मी विचारलं.

"नको. इथे घेतलं की रस्त्यातही मागेल. तिला काय कळतं सोमवार म्हणजे काय?"

मग तो डब्यावरून हळूच सरकत, भिंतीला टेकत, खाली चटईवर उतरला. उठवायला आता मी आणि सासूबाई दोघी लागणार होतो. पण त्याला उचलायचं नव्हतं ना, म्हणून तोच तिच्या उंचीचा झाला. ती त्याच्या मांडीवर चढली आणि शर्टाच्या बटणांशी खेळत बसली. ओढून ओढून वरची दोन काढली.

निघताना तो दारात उभा राहिला, डबा हातात. गळ्याखाली शर्ट उघडा पडला होता. तीन दिवसांची दाढी, ती मी मुद्दामच केली नव्हती. माझा हात आपसूक त्याच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत असंच राहू दे."

मी हात मागे घेतला. तो जिना उतरला. खालून जाताना शेजारच्या बाई समोरून आल्या तेव्हा त्याने मोकळ्या हाताने शर्ट गळ्याशी गोळा करून धरला, त्या पुढे जाईपर्यंत. मी खिडकीत होते, मुलगी माझ्या कडेवर. तिने हात हलवला. त्याने वर पाहिलं, पण डबा होता एका हातात, आणि दुसरा हात शर्टाला धरलेला.